मागच्या रांगेची शिक्षा

स्वयंपाकघरातल्या हळदीमुळे कुणाची गाडी शर्यतीतून बाद झाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? मी ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यावरून एका अमेरिकन पंचाशी आणि एका बड्या साहेबाशी भांडलेही आहे. माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध आहे. विनय, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की इथे सौदीत, जुबैलमध्ये एअर कंडिशनर बंद पडला तरी इतकं तापत नाही. त्याला काय जातंय म्हणायला. तो त्या दिवशी ड्यूटीवर होता.

नाना म्हणजे विनयचे मामा. मूळचे गुहागरचे, पण कुवेतला त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं, आणि ते त्यांनी उभं आयुष्य खर्चून उभं केलं होतं. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि नाना खफजीच्या बाजूने सीमा ओलांडून आमच्याकडे आले. बरोबर हत्यारांची एक पेटी, एक उशी आणि जिच्यात बसून आले ती सायीच्या रंगाची जुनी जपानी गाडी. गॅरेज, घर, कपडे, सगळं मागे राहिलं. उशी का आणली, असं मी विचारलं, तर म्हणाले, "अगो, हाताला जे लागलं ते उचललं."

पहिले दोन महिने नाना जेवायला बसायचे आणि ताटाकडे बघून उठायचे. गुहागरला सरूमामी वाट बघत होत्या, भारतात जाणारी विमानंही होती, पण नाना निघायचं नाव काढत नव्हते. गाडी टाकून कसा जाऊ, एवढंच म्हणायचे. ती बरोबर नेता येत नव्हती आणि इथे विकताही येत नव्हती, कारण तिचे कागद कुवेतचे. आणि कुवेतच जागेवर नव्हतं तर कागदांना कोण विचारतो? नाना संध्याकाळी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसत. तिला ते 'बाय' म्हणायचे. मला ते बघवत नसे. घरच्या माणसाला असं आतून विझताना बघणं फार वाईट.

नानांना त्या खुर्चीतून उठवलं ते मोहियुद्दीनने. हा दाभोळचा, विनयच्याच कंपनीत मेकॅनिक, आणि आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणारा. एका शुक्रवारी तो आला आणि म्हणाला, "नाना, तुमी नुसते बसून काय करताव? गोऱ्यांच्या कँपात गाड्यांची शर्यत लागते. आपण बायला उतरवू या."

ही शर्यत म्हणजे स्टॉक कारची. गाडी दुकानातून निघते तशी साधी ठेवायची, इंजिनाला काही जोडायचं नाही, आणि मातीच्या गोल रस्त्यावर पळवायची. परदेशी कंत्राटदारांच्या मोठ्या कँपामागे रेती सपाट करून, कडेला जुने टायर पुरून हा रस्ता केला होता. युद्ध होणार की नाही याची सगळेच वाट बघत होते. वाट बघणाऱ्या माणसांना काहीतरी करायला हवं असतं, म्हणून हे सुरू झालं. सगळ्यात मोठी टीम होती एका बड्या कंपनीची, तिची गाडी निळी. त्या टीमला स्वतःचं वर्कशॉप, नवेकोरे टायर आणि एकसारखे शर्ट घातलेली माणसं होती. क्लबचा अध्यक्षही त्याच कंपनीचा मॅनेजर. आमच्या टीममध्ये गाडी चालवायला मोहियुद्दीन, हत्यारं धरायला नाना आणि डबा द्यायला मोहियुद्दीनची बायको नूरुन्निसा. मी आरडाओरडा करायला.

आणि काय सांगू, नाना जेवायला लागले! शनिवारपासून पुढच्या शुक्रवारची बोलणी सुरू. हाताला पुन्हा काळं ग्रीस लागलं, ते माझ्या पांढऱ्या टॉवेलला पुसलं जाऊ लागलं, आणि मी एक अक्षर बोलले नाही. बाय कधी चौथी यायची, कधी तिसरी. एकदा दुसरी आली तेव्हा नाना टाळ्या वाजवत मैदानातच नाचले. शेवटी त्यांनी स्वतःच परतीचं तिकीट काढायला सांगितलं. अंतिम शर्यत जानेवारीत होती, त्यानंतरच्या रविवारी विमान. "एकदा ती मानाने पळू दे," नाना म्हणाले, "मग मी मोकळा. मग मोहियुद्दीनने तिला ठेवावी नायतर भंगारात द्यावी."

म्हणजे अंतिम शर्यत हा नानांसाठी निरोप होता. बाकी सगळं त्यांना न सांगता सोडून यावं लागलं होतं. हिला तरी ते नीट हात हलवून सोडणार होते.

आता हळदीकडे येते. बायचा रेडिएटर इतका जुना होता की एका जागी डाग दिला की दुसऱ्या जागी गळायचा. नवा मिळेना, कारण गावातली सगळी दुकानं फौजेच्या कामात अडकलेली. तेव्हा नानांनी आपल्याकडचा प्रत्येक ट्रक ड्रायव्हर करतो तेच केलं. नूरुन्निसाकडून वाटीभर हळद मागून रेडिएटरमध्ये टाकली. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. मुंबई–गोवा रस्त्यावर कुणालाही विचारा. नूरुन्निसा फक्त एवढंच म्हणाली, "नाना, ही माहेरची हळद हाय, जपून वापरा."

शर्यतीचा एक नियम होता की रेडिएटरमध्ये निव्वळ पाणी हवं, दुसरं काही चालणार नाही. हा नियम नानांना माहीत होता. पण हळद म्हणजे 'दुसरं काही' असं त्यांच्या मनातही आलं नाही. मोहियुद्दीनच्याही नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नसतं. हळद ही काय वस्तू आहे का? ती घरात असतेच.

डिसेंबरातल्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत बाय दुसरी होती आणि निळी गाडी पहिली. वळणावर बायने तिला जवळपास गाठलं, आणि तेवढ्यात रेडिएटरची नळी फुटली. बॉनेटखालून वाफ उसळली. पिवळीजर्द! वारा प्रेक्षकांच्या बाजूचा. तो ढग सरळ आमच्या अंगावर आला.

ते दिवस आठवा. विषारी वायूची धास्ती सगळ्यांना होती, कंपनीने प्रत्येकाला मुखवटे वाटले होते, ते खांद्याला अडकवूनच आम्ही भाजी आणायला जायचो. पिवळा ढग बघून कुणीतरी "गॅस! गॅस!" असं ओरडलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने भोंगा वाजवला. अख्खं मैदान जमिनीवर आडवं झालं, मुखवट्यांचे पट्टे सापडेनात, एका जाड साहेबाने तर माझाच मुखवटा ओढून घेतला. त्या सगळ्या गोंधळात नूरुन्निसा एकटी ताठ उभी होती. तिने नाकाने हवा हुंगली आणि मला म्हणाली, "अनिताबाय, ही तर माजी हळद!"

मी हसले. देवाशपथ, आडवी पडूनही हसले. पण हसू फार वेळ टिकलं नाही. मिस्टर हार्लन, म्हणजे शर्यतीचे मुख्य पंच, आले, त्यांनी रेडिएटरमध्ये बोट घालून बघितलं आणि अध्यक्षांशी काहीतरी बोलून निकाल दिला. नियम मोडला, लोकांचा जीव धोक्यात घातला, गाडी या मोसमातून बाद. अंतिम शर्यत नाही.

नानांनी हत्यारं पेटीत भरली. घरी येऊन त्यांनी पुन्हा ती खुर्ची गाडीशेजारी टाकली. रात्री ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मोहियुद्दीन एक गोष्ट घेऊन आला. ऑक्टोबरात निळ्या गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंट सापडलं होतं. कूलंट म्हणजे ते हिरवं औषधी पाणी, तेही नियमाबाहेरचंच. तेव्हा काय शिक्षा झाली? पुढच्या शर्यतीत मागच्या रांगेतून सुरुवात. बस. आणि तीसुद्धा झाली नाही. पुढच्या शर्यतीला कुणी पाहुणे येणार होते म्हणून निळी गाडी पहिल्या रांगेतच उभी राहिली, आणि नंतर तो विषय कुणी काढला नाही.

हे ऐकल्यावर माझं डोकं ठिकाणावर राहणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "उठा नाना. आपण जायचं."

"कशाला गो?"

"भांडायला!"

क्लबची कचेरी म्हणजे एक पोर्टा केबिन, उचलून आणून ठेवलेली पत्र्याची खोली. आत अध्यक्ष आणि मिस्टर हार्लन बसले होते. अध्यक्ष गुळगुळीत दाढीचे आणि घाईतले. हार्लन उंच, उन्हाने लाल झालेले, मोजकं बोलणारे. मी नाना आणि मोहियुद्दीनला बसवलं आणि नूरुन्निसाने दिलेला डबा टेबलावर उघडून ठेवला. तळलेल्या माशाचा वास केबिनभर पसरला. मी इंग्रजीत म्हटलं, "हे तुमचं विष. आम्ही रोज खातो."

हार्लननी एक तुकडा उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. अध्यक्षांनी डब्याकडे बघितलंही नाही. ते म्हणाले की तुमच्या भावना समजतात, पण नियम तो नियम.

"मग निळ्या गाडीला का नव्हता?" मी विचारलं.

"ते कूलंट होतं. गाडीसाठीच बनवलेलं असतं. ती नजरचूक होती. तुम्ही गाडीत काहीतरी अनोळखी पदार्थ मुद्दाम घातलात."

"अनोळखी तुम्हाला! कूलंट प्यायलं तर माणूस मरतं, हळद प्यायली तर सर्दी जाते. यातलं धोक्याचं कुठलं, सांगा ना?" माझा आवाज चढला होता. मी आणखीही बरंच बोलणार होते, पण नानांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"अनिता, हळदीची वकिली नको करूस. नियम बरोबर हाय. पाणी म्हणजे पाणी. रस्त्यावर दुसरं काय सांडलं तर मागच्याची गाडी घसरते, मरेल कोणतरी. चूक माझी. हे त्यांना नीट सांग."

मला हे सांगायचं नव्हतं. तरी सांगितलं. हार्लननी खाणं थांबवलं.

"आता हे सांग," नाना म्हणाले. "चूक त्यांची नि माझी एकच. मला माफी नको. त्यांना जी शिक्षा दिलीत तीच मला द्या. कमी नको आणि जास्त पण नको. मागच्या रांगेत उभं करा. मी उभा राहीन."

मी शब्दन्‌शब्द सांगितला. अध्यक्ष म्हणाले की तुलना बरोबर नाही, निळ्या टीममागे एक जबाबदार कंपनी उभी आहे, तुमच्यामागे कोण आहे? या देशात आम्ही सगळे कफीलच्या, म्हणजे जामीन राहिलेल्या मालकाच्या नावावर जगतो, हे मला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. माणसाला कफील लागतो हे मी पचवलं होतं. पण चूक कबूल करायलासुद्धा कफील लागावा, याचा मला इतका संताप आला की इंग्रजीच आठवेना.

तेव्हा हार्लन बोलले. ते म्हणाले, "माझे वडील घरामागच्या शेडमध्ये गाडी बांधून शर्यतीला न्यायचे. कारखान्याच्या टीमने काही केलं तर पंच त्यांना बाजूला घेऊन समजावायचे. माझ्या वडिलांनी केलं तर घरी पाठवायचे. मी पंच झालो तो त्यामुळेच." मग त्यांनी आपली तेलकट बोटं रुमालाला पुसली. "आणि काल मी तेच केलं. मागची रांग. दोघांनाही. निळ्या गाडीची शिक्षा राहिलेली आहे."

अध्यक्ष म्हणाले, "त्याचं अंतिम शर्यतीला बघू." आणि घड्याळ बघत उठले.

घरी येऊन जेवायला बसलो, तर नाना भात वाढून घेत होते. स्वतःच्या हाताने, दुसऱ्यांदा. मला एवढं पुरेसं होतं.

अंतिम शर्यतीच्या दिवशी कँपात वेगळीच शांतता होती. इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती आणि त्यानंतर काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी अख्खं जुबैल लोटल्यासारखी गर्दी. केरळचे फिटर, फिलिपिनो वेल्डर, पाकिस्तानी ड्रायव्हर, हळदीची हकिकत सगळीकडे पोचली होती. मी रेडिएटरमध्ये स्वतः पाणी ओतलं. निव्वळ पाणी. ते ओतताओतताच एका बाजूने ठिबकायला लागलं होतं.

बाय मागच्या रांगेत उभी राहिली, एकटीच. निळी गाडी पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. अध्यक्ष पाहुण्यांना काहीतरी दाखवत होते. हार्लन झेंडा हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होते, मानेपर्यंत लाल झाले होते, पण पाहुण्यांसमोर काही बोलले नाहीत. मी पदर खोचला.

"बस खाली," नाना म्हणाले. "आज माझी शिक्षा मला नीट भोगू दे. तू भांडलीस तर ती अर्धी राहील."

शर्यत सुरू झाली आणि थोड्याच फेऱ्यांत बाय तापली. मोहियुद्दीनने तिला कडेला आणली, नाना पाणी घेऊन धावले, ती पुन्हा निघाली. पुन्हा तापली. आमचे डबे संपले. तेव्हा कडेला उभ्या असलेल्या एका मलबारी फिटरने आपली पिण्याच्या पाण्याची बाटली पुढे केली. मग त्याच्या शेजारच्याने. बाय थांबेल तिथे माणसं बाटल्या घेऊन तयार. नाना ओतत होते, रडत होते आणि "निव्वळ पाणी हां, निव्वळ पाणी!" असं पंचांच्या दिशेने ओरडत होते. निळी गाडी जिंकून, हार घालून, फोटो काढून झाले तरी बाय फिरत होती. हार्लन झेंडा घेऊन तिच्यासाठी थांबले. ती शेवटची आली, वाफा सोडत आली, पांढऱ्या. झेंडा पडला तेव्हा जो ओरडा झाला तसा निळ्या गाडीसाठी झाला नव्हता.

रविवारी दहरानच्या विमानतळावर नानांनी किल्ली मोहियुद्दीनच्या हातात ठेवली. मला म्हणाले, "जेवणखाण फार छान केलंस गो." आणि मग, बॅग उचलताना, "निळी गाडी कधी मागच्या रांगेत उभी राहिली, तर मला कळव."

"नाही राहायची ती नाना."

"राहिली तर कळव, म्हटलं मी."

त्याच आठवड्यात युद्ध पेटलं. भोंगे वाजायचे, आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून एका खोलीत बसायचो, आणि खफजीत लढाई झाली तेव्हा जुबैलमध्ये कुणी झोपलं नाही. ते सगळं संपलं. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आमच्या आभाळात आला, भरदुपारी दिवे लावावे लागत. रमजान गेला, ईद झाली, आणि त्यानंतरच्या शुक्रवारी क्लबने पुन्हा शर्यत ठेवली. मोहियुद्दीनला एका लष्करी भंगारातून जवळपास नवा रेडिएटर मिळाला होता. चिठ्ठी टाकून जागा ठरल्या, आणि बायला दुसरी रांग आली.

निळी गाडी पुन्हा पुढे, मधोमध. अध्यक्ष पुन्हा पाहुण्यांबरोबर, मांडवात. सगळ्यांनी इंजिनं चालू केली. हार्लन झेंडा घेऊन आले आणि निळ्या गाडीच्या समोर जाऊन उभे राहिले. झेंडा खालीच. शर्यत सुरूच करेनात. अध्यक्षांनी हात केला, मग हाक मारली. हार्लननी तिकडे बघितलंही नाही. गर्दी आधी कुजबुजली, मग गप्प झाली. निळ्या गाडीचा ड्रायव्हर कॉलिन नावाचा स्कॉटिश पाइप फिटर होता. तो काचेतून हार्लनकडे बघत राहिला. मग त्याने मागे वळून दुसऱ्या रांगेतल्या बायकडे बघितलं. आणि गाडी मागे घेतली. हळूहळू, सगळ्या रांगा ओलांडून, अगदी शेवटी नेऊन उभी केली.

मी तिथेच रडले. नूरुन्निसाने मला जवळ घेतलं आणि स्वतःही रडली.

गुहागरला फोन लावणं तेव्हा सोपं नव्हतं. बाजारपेठेतल्या एका दुकानात फोन, तिथून कुणीतरी नानांना बोलवायला जायचं. बत्तीस वेळा लाइन तुटली असेल, निदान मला तरी तसं वाटलं. शेवटी धापा टाकत नाना आले.

"नाना, निळी गाडी उभी राहिली! मागच्या रांगेत!" मी इतकी ओरडले की बूथबाहेरचे लोक बघायला लागले.

खरखरीतून नानांचा आवाज आला.

"कुणी लावली?"

"हार्लन समोरून हलेनात, आणि मग ड्रायव्हरने स्वतःच नेली."

"शाब्बास," नाना म्हणाले. "बाय?"

"चौथी आली. गळली नाही."

"आणि निळी?"

हे मला सांगायचं नव्हतं. त्या दिवशी माझ्या आनंदात तेवढाच एक खडा होता, आणि तो मी घरापर्यंत दातांखाली घेऊन आले होते. "पहिली," मी म्हटलं. "मागून निघून सगळ्यांना मागे टाकलं मेलीने."

मला वाटलं नाना हिरमुसतील. ते हसायला लागले. कुवेतहून आल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं, अगदी ठसका लागेपर्यंत.

"मग एवढी चांगली गाडी गो," ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी मागे उभी केली असती, तर काय बिघडलं असतं त्यांचं?"